मटाराएवढा केंड

कोकणातल्या वाचकांना केंड मासा काय चीज आहे ते सांगायला नको. जाळ्यात सापडला की पोट फुगवून चेंडू होतो, दात इतके बळकट की जाळे कुरतडून ठेवतो, आणि त्याच्या कुळातल्या बऱ्याच जातींत विष असल्यामुळे बाजारात त्याला कोणी विचारत नाही. मच्छिमाराच्या तोंडी त्याचे नाव येते ते कपाळाला आठ्या घालूनच. पण याच कुळातला एक अगदी छोटा, गोड्या पाण्यातला भाऊबंद आज आपल्या शहरांतल्या माशांच्या दुकानांतून प्लास्टिकच्या पिशवीत बसून घरोघरी जातो आहे. लांबी जेमतेम एक इंच, हिरवट-पिवळ्या अंगावर काळे ठिपके, आणि डोळे असे की एक इकडे बघतो तर दुसरा तिकडे. दुकानदार त्याला ‘पी पफर’ म्हणतात. पी म्हणजे मटार.

या माशाबद्दल येणाऱ्या पत्रांचा सूर बहुतेक एकच असतो. मुलांनी ईदीच्या पैशांतून पाच-सहा मासे आणले. काचेच्या गोल भांड्यात सोडले. दुकानदाराने सोबत रंगीत दाण्यांची डबी दिली. पहिले काही दिवस सगळे घर त्या भांड्याभोवती. मग एक मासा काळवंडून कोपऱ्यात बसला, दुसऱ्याची शेपटी कुरतडलेली दिसली, आणि महिन्याभरात एकच उरला, तोही पोट आत गेलेला. पाणी तर आम्ही रोज बदलत होतो, मग असे का झाले, असा प्रश्न शेवटी असतो.

आमचे उत्तर असे, की हा मासा रोगाने मरण्याच्या आधी उपासाने आणि भाऊबंदकीने मरतो. डबीतले दाणे त्याच्या लेखी अन्नच नाही. ते समोर तरंगत असताना तो त्यांच्याकडे बघत बघत सुकत जातो. आणि एवढ्याशा भांड्यात पाच-सहा जणांना कोंडले, की जो दांडगा असेल तो बाकीच्यांना जगू देत नाही. पाणी रोज बदलून यातली एकही गोष्ट सुधारत नाही, उलट तिसरी एक बिघडते. ती कोणती ते पुढे सांगतो.

आधी हा मासा येतो कुठून ते पाहू, कारण त्याच्या खाण्यापिण्याचे आणि स्वभावाचे मूळ तिथेच आहे. परदेशी नावामुळे पुष्कळांना तो सिंगापूर-थायलंडचा वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्या सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाचा रहिवासी. १९४१ साली सुंदरलाल होरा आणि के. के. नायर या दोन अभ्यासकांनी केरळातल्या पंबा नदीतल्या माशांवरून या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तेव्हा तो मुलूख त्रावणकोर संस्थानात होता, म्हणून जातीच्या नावात आजही त्रावणकोर आहे. पेरियार, चालकुडी, भारतपुळा अशा केरळातल्या अनेक नद्यांत, वेंबनाड तलावात आणि दक्षिण कर्नाटकाच्या काही भागात तो सापडतो. जगात दुसरीकडे कुठेही निसर्गतः तो नाही. संथ पाणी, काठाला दाट पाणवनस्पती, तळाशी कुजलेला पालापाचोळा, त्यात बारीक गोगलगाई, किडे, अळ्या. दिवसभर पानापानांतून हिंडायचे, एकेक वस्तू डोळा फिरवून न्याहाळायची आणि टिपायची, असा त्याचा दिनक्रम.

दुकानात येणारे बहुतेक पी पफर आजही नदीतूनच पकडलेले असतात. नद्यांतला वाळूउपसा, प्रदूषण आणि ही पकड मिळून या जातीवर इतका ताण आला आहे, की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ती ‘व्हल्नरेबल’, म्हणजे असुरक्षित, या गटात नोंदली गेली आहे. आपल्या भांड्यात एक मेला की दुकानातून दुसरा आणायला पैसे फार लागत नाहीत. पण तो दुसरा कुठल्या तरी नदीतून उचललेला असतो. म्हणून आमचे म्हणणे असे, की ज्या घरात खाली सांगितलेली व्यवस्था होणार नाही त्या घराने गप्पी किंवा मॉली पाळावेत. ते दाणे खातात, घरात पिल्ले देतात, आणि मुलांना तितकीच मजा येते.

आता जागा. गोल भांडे नकोच. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा काचेच्या टाकीत साधारण २८ लिटर पाणी मावते. तेवढी जागा एका पफरला पुरते. दीड फूट लांबीची टाकी, म्हणजे ४० लिटरच्या आसपास, असेल तर तीन ठेवता येतात. दोन फुटी टाकीत पाच. तीन ठेवायचे तर एक नर आणि दोन माद्या हा हिशेब बरा. नराच्या पोटावर मधोमध एक गडद रेघ दिसते आणि डोळ्यांच्या मागे बारीक सुरकुत्यांसारख्या रेषा. मादी गोलसर आणि जास्त ठिपक्यांची. अडचण अशी, की दुकानात येतात ती बहुधा कोवळी पोरे, आणि त्यांत नर कोणता नि मादी कोणती हे कोणालाच ओळखता येत नाही. म्हणून घेतानाच दुकानदाराशी बोलून ठेवावे, की दोन-तीन महिन्यांनी जादा नर निघाला तर तो परत घ्यायचा. चांगले दुकानदार घेतात. एकटा ठेवावा की टोळीने, याबद्दल पाळणाऱ्यांत दोन मते आहेत. आम्ही इतकेच म्हणू की एक चालतो, तीन-पाच चालतात, पण दोन कधी ठेवू नयेत. दोघांत एक मालक होतो आणि दुसरा त्याचा गुलाम.

टाकीत मोकळे पाणी कमी आणि आडोसा जास्त हवा. एकाला दुसरा सतत दिसत राहिला की भांडण सुरूच राहते, मध्ये झाडाची भिंत आली की ते विसरतात. हायड्रिला, वॅलिसनेरिया, जावा मॉस, जावा फर्न या वनस्पती स्वस्त आणि चिवट आहेत. नारळाची करवंटी स्वच्छ घासून, उकळून, कडेला एक भोक पाडून पालथी ठेवली तर दुकानातल्या रंगीत किल्ल्यापेक्षा उत्तम घर होते. आपल्या अंगणात किंवा मशिदीच्या आवारात बदामाचे मोठे झाड असते ना, लाल पाने गळणारे, त्याचे आपोआप गळून वाळलेले तपकिरी पान धुऊन टाकावे. पाणी चहासारखे फिकट पिवळे होते, ते बिघडलेले नसते. नदीतल्या पालापाचोळ्याचा तोच रंग असतो. फक्त झाडावर औषधफवारणी झालेली नाही याची खात्री करून घ्यावी.

टाकी मांडली आणि त्याच संध्याकाळी मासे आणले, असे करू नये. हीच ती तिसरी गोष्ट. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशाचे कल्ले जाळतो. फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूवर हळूहळू एक प्रकारचे उपयोगी जिवाणू वाढतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्यामानाने सौम्य. जिवाणूंचे हे बिऱ्हाड पुरते बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ टाकीत मासा नसताना फिल्टर चालू ठेवून चिमूटभर दाणे टाकत राहायचे. दुकानदाराने दिलेल्या त्या डबीचा हा एक खरा उपयोग. कोणा ओळखीच्याच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर हा काळ बराच कमी होतो, दह्याला विरजण लागते तसेच. पाणी तपासायचे किट दुकानात मिळते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २० च्या खाली असे दाखवू लागले की टाकी तयार झाली.

जे रोज सगळे पाणी ओतून टाकी घासून काढतात ते हे बिऱ्हाड रोज उठवतात. आठवड्यातून एकदा, पाव ते एक तृतीयांश पाणी नळीने तळातली घाण ओढत काढावे आणि तेवढेच ताजे भरावे. स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात पिळावा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. उघड्या बादलीत एक दिवस ठेवले की ते बहुतेक उडून जाते, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन वापरतात, ते असे उडत नाही. म्हणून क्लोरीन मारणारे औषध ठरल्या मापाने वापरणे जास्त खात्रीचे. पाणी गढूळ दिसले म्हणून काही घरांत तुरटी फिरवतात. माशाच्या टाकीत ती फिरवू नये, पाण्याची प्रकृतीच बदलते. बोअरचे जड पाणी मात्र या माशाला सहसा बाधत नाही.

मिठाचाही एक गैरसमज आहे. पफरच्या पुष्कळ जाती मचूळ किंवा खाऱ्या पाण्यातल्या असल्यामुळे काही दुकानदार याच्याही पाण्यात मीठ घालायला सांगतात. हा मासा आयुष्यभर गोड्या पाण्यातला आहे. त्याला मिठाची गरज नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे जेवण. पफरच्या तोंडात दोन वर, दोन खाली असे चार दात जुळून पोपटाच्या चोचीसारखी धार तयार झालेली असते, आणि ती आयुष्यभर वाढत राहते. निसर्गात गोगलगाईची शिंपली फोडता फोडता ती झिजते. मोठ्या पफरना झीज मिळाली नाही तर दात इतके वाढतात की तोंड बंद होते. या छोट्या जातीत ती वेळ क्वचितच येते, तरी बारीक गोगलगाय हे त्याचे सर्वांत आवडते आणि सर्वांत योग्य अन्न. ती दिसताच मासा थबकतो, तिरपा होतो, एक डोळा तिच्यावर रोखतो आणि तिने शिंपल्यातून अंग बाहेर काढले रे काढले की झडप घालतो. दाणे टाकून हे दृश्य बघायला मिळत नाही.

गोगलगाई रोज विकत आणायच्या नसतात, घरी वाढवायच्या. पाणवनस्पती विकत घेतल्या की त्यांच्याबरोबर नखाएवढ्या तपकिरी गोगलगाई फुकट येतात, इतर मासेवाले त्यांना वैतागलेलेच असतात. अशा दहा-बारा घेऊन बरणीत किंवा जुन्या प्लास्टिकच्या डब्यात क्लोरीन काढलेले पाणी घालून खिडकीत ठेवाव्यात. उकडलेल्या पालकाचे पान, दुधीची किंवा काकडीची चकती आठवड्यातून दोनदा टाकावी, शिळी काढून घ्यावी. शिंपली टणक व्हावी म्हणून पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात त्या समुद्रफेसाचा तुकडा टाकावा, नसेल तर धुतलेले अंड्याचे कवच. दीड-दोन महिन्यांत बरणी भरते. माशाला द्यायची ती त्याच्या डोळ्याएवढी किंवा थोडी मोठी. त्याहून मोठी असेल तर तो नुसतीच मिशा ओरबाडून सोडून देतो आणि पाणी घाण होते. निमुळत्या शंखासारख्या, फार टणक शिंपलीच्या गोगलगाई असतात त्या देऊ नयेत, दात तुटू शकतो. शेतातल्या डबक्यातून किंवा नाल्यातून गोळा करून आणलेल्याही नकोत, तिथल्या पाण्यात फवारणीचे विष आणि जंत दोन्ही असू शकतात.

नुसत्या गोगलगाईंवर भागत नाही. ब्लडवर्म नावाच्या लाल अळ्या गोठवलेल्या वड्यांच्या रूपात मिळतात. वडीचा छोटा तुकडा वाटीत पाणी घेऊन विरघळवावा, चहाच्या गाळणीत धुवावा आणि चिमट्याने दोन-दोन अळ्या समोर हलवाव्यात. हलणारी वस्तूच त्याला अन्न वाटते. सुरुवातीला तो तोंड फिरवील, चार-आठ दिवसांत शिकतो. त्याखेरीज डॅफ्निया आणि आर्टेमिया हेही उत्तम. दुकानात ताटलीत वळवळणाऱ्या जिवंत ट्युबिफेक्स अळ्या स्वस्त मिळतात, पण त्या गटारीच्या गाळात वाढतात आणि त्यांच्यावाटे रोग येतात, म्हणून आम्ही त्यांची शिफारस करत नाही.

घरातल्या बायकांचा यावर एक रास्त आक्षेप असतो. खिम्याच्या आणि मटाराच्या पाकिटांशेजारी अळ्यांचे पाकीट फ्रीजरमध्ये ठेवायचे का? अम्मींची बाजू आम्हाला मान्य आहे. पाकीट झाकणाच्या वेगळ्या डब्यात, डबा पुन्हा पिशवीत, वर चिठ्ठी, आणि गाळणी-वाटी-चिमटा माशाचाच वेगळा. वाळवलेले ब्लडवर्म फ्रीजरशिवाय टिकतात खरे, पण त्यांच्या भुकटीने काही माणसांना शिंका, डोळे चुरचुरणे, क्वचित दमाही सुरू होतो. घरात दम्याचे कोणी असेल तर ते आणूच नयेत. आणि डासांच्या अळ्या? मासा त्या आवडीने खातो, म्हणून कोणी बाल्कनीत बादली भरून डास वाढवू नका. डेंग्यू माशाला होत नाही, शेजाऱ्याला होतो.

दिवसातून एकदा, पोट किंचित गोल दिसेल इतकेच द्यावे. आठवड्यातून एक दिवस काही न दिले तरी चालते. हा मासा माणसाला ओळखतो, काचेपाशी येऊन शेपटी हलवत असा काही चेहरा करतो की दादीला वाटते बिचारा सकाळपासून उपाशी आहे. घरात चार माणसे असतील तर चौघे चार वेळा खायला घालतात. म्हणून खायला कोणी घालायचे ते एकाचे नाव ठरवून टाकावे. रमजानमध्ये घराचे वेळापत्रक बदलते आणि इफ्तारच्या धांदलीत माशाचे जेवण हटकून राहते. तो महिना त्याची वेळ अस्रनंतर न ठेवता दुपारची ठेवावी. उरलेले अन्न आणि रिकामी शिंपली सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने किंवा ड्रॉपरने अर्ध्या तासात उचलावीत.

विकत घेताना घाई नको. पाठीकडून पाहिले तर मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत भरीव दिसला पाहिजे. डोके मोठे आणि पोट आत गेलेले, असा असेल तर तो आधीच उपाशी आहे, दया येऊनही घेऊ नये. दुकानदाराला आपल्यासमोर खायला घालायला सांगावे. तो कधी आला तेही विचारावे. कालच आलेल्या माशापेक्षा दुकानात दहा-बारा दिवस काढून खाता झालेला बरा.

नदीतून आलेल्या माशाच्या पोटात जंत असणे नेहमीचे. चांगला खातो तरी वाळतो, विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबते, असे दिसले की जंत समजावेत. यावर लेव्हामिसोल, प्राझिक्वांटेल अशी औषधे वापरली जातात, पण ती गुरांच्या आणि कोंबड्यांच्या मापाने बाजारात मिळतात आणि आपला रुग्ण मटाराएवढा आहे. अंदाजाने थेंब टाकू नयेत. माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला टाकीत नेमके किती लिटर पाणी आहे ते सांगून माप विचारावे. या माशाला खवले नसल्यामुळे तीव्र औषधे त्याला लवकर बाधतात. दुकानातली निळी-हिरवी औषधे ‘काहीही झाले तरी चार थेंब’ म्हणून देतात, ती तर मुळीच नकोत. तांबे असलेल्या औषधाने गोगलगाईही मरतात, म्हणजे औषध देता देता जेवण बंद. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले तर तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत ३० पर्यंत न्यावे, हवेचा पंप वाढवावा आणि मग सल्ला घ्यावा. काचेलगत सारखा वर-खाली धावणारा मासा आजारी नसतोही. पाणी बिघडले असेल, किंवा कोणी त्याच्या मागे लागलेले असेल. औषधाआधी पाणी तपासावे. दहातल्या आठ वेळा उत्तर तिथेच मिळते, असा आमचा अनुभव.

२४ ते २८ अंश तापमान त्याला मानवते. मुंबई-कोकणात त्याची फारशी काळजी नाही. विदर्भ-मराठवाड्यात मात्र मे महिन्यात टाकीचे पाणी सहज ३३-३४ वर जाते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. टाकी खिडकीच्या उन्हातून हलवावी, झाकण काढून जाळी ठेवावी आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावावा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. पाणी आटते ते रोज भरावे. बर्फ टाकू नये, इतक्या छोट्या टाकीत तापमान एकदम घसरते. थंडीत नागपूर-नाशिककडे २५ किंवा ५० वॅटचा हीटर लागतो. वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा. स्पंज फिल्टर त्यालाच जोडता येतो.

एक धोका आपल्या घरांत विशेष असतो आणि दुकानदार तो सांगत नाहीत. मच्छर पळवणारी कॉइल, प्लगमध्ये लावायची बाटली, झुरळांचा फवारा, यांतली बहुतेक रसायने माणसापेक्षा माशाला कितीतरी पटींनी घातक आहेत. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे खोलीतला धूर टाकीत फुग्या-फुग्यांनी मिसळतो. जुमेरातला लोबान फिरवताना, अगरबत्ती लावताना किंवा पाहुण्यांसाठी खोलीत सुगंध मारताना टाकीच्या खोलीत तो नको. अत्तर लावलेला किंवा साबणाचा हात पाण्यात घालू नये. आणि टाकीत हात घालून झाल्यावर साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू नये.

सोबतीला दुसरे मासे ठेवता येतील का, असे हमखास विचारतात. गप्पीची लांब शेपटी, फायटरचे पिसाऱ्यासारखे पर, हे पफरला समोर टांगलेल्या खाऊसारखे वाटतात. एका रात्रीत तो त्यांचे झालर-किनार कातरून ठेवतो. त्याला त्याच्या जातीबरोबरच ठेवावे. कोळंबीसुद्धा नको, ती जेवणाच्या यादीत आहे.

मुलांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी नीट सांगायला हवी. हा मासा फुगतो तो खेळ म्हणून नाही, जीव जाईल अशी भीती वाटल्यावर. व्हिडिओसाठी त्याला काडीने टोचून फुगवणे म्हणजे छळ. जाळीने पाण्याबाहेर काढला आणि घाबरून त्याने पाण्याऐवजी हवा गिळली, तर ती बाहेर पडणे अवघड होते आणि तो उलटा तरंगत राहतो. म्हणून त्याला हलवायचे तेव्हा पाण्यातच पेला बुडवून, पाण्यासकट उचलावा. मेलेला मासा मांजराच्या पुढे टाकू नये, कुळ विषाचे आहे हे लक्षात ठेवावे, मातीत पुरावा. आणि कंटाळा आला, परीक्षा आली, बदली झाली, म्हणून जिवंत मासा, गोगलगाई किंवा पाणवनस्पती गावच्या नदीत, विहिरीत सोडू नयेत. केरळची नदी त्याचे घर, आपली नाही.

सुट्टीत गावी जाताना बहुतेक लोक निघायच्या आदल्या रात्री भरपूर खाऊ टाकून जातात आणि परतल्यावर सडलेले पाणी बघतात. धडधाकट, भरल्या पोटाचा मोठा पफर तीन-चार दिवस उपाशी राहू शकतो. निघण्याआधी पाणी बदलावे आणि वीस-पंचवीस बारीक गोगलगाई सोडून जावे, त्या न सडता जिवंत राहतात आणि तो त्याच्या सवडीने खातो. आठवड्याहून अधिक जायचे असेल तर शेजारच्या मुलाला किल्ली द्यावी, आणि रोजचा खाऊ छोट्या डब्यांत मोजून फ्रीजरमध्ये ठेवावा. त्याला पूर्ण पाकीट देऊ नये.

अशी टाकी सहा-आठ महिने नीट चालली, नर-माद्यांचा हिशेब जमला, तर एखाद्या सकाळी नर मादीच्या मागे मागे मॉसच्या झुपक्यात शिरताना दिसेल. अंडी मिलिमीटरभर, जवळजवळ पारदर्शक, दिसतीलच असे नाही. त्या जागेचा मॉस अलगद उचलून त्याच टाकीच्या पाण्याने भरलेल्या वेगळ्या डब्यात ठेवावा आणि हवेची नळी अगदी मंद सोडावी, कारण आईबापांना आपली अंडी आणि गोगलगाय यांत फरक वाटत नाही. साधारण पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात. ती इतकी बारीक, की पहिले काही दिवस जुन्या टाकीतल्या मॉसवरचे सूक्ष्म जीवच त्यांना पुरतात. पुढे आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात उबवून निघालेली ताजी पिल्ले द्यावी लागतात, दिवसातून दोन-तीनदा, आणि तळ रोज ड्रॉपरने साफ करावा लागतो. महिन्याभरात त्यांच्या अंगावर पहिले ठिपके उमटतात आणि पोस्ताच्या दाण्याएवढी गोगलगाय ती स्वतः फोडू लागतात. अशी घरात जन्मलेली पिल्ले कोणी देत असेल, तर ती दुकानातल्या माशांच्या आधी घ्यावीत, आणि आपल्याकडे झाली तर ज्याची टाकी महिनाभर रिकामी चाललेली आपण पाहिली आहे त्यालाच द्यावीत.